माझ्या अंगावरचा बर्फ

चि. रेवती आणि चि. नंदू,

नानाआजोबांनी तुमच्या आईला लीड्सला पत्र पाठवून कळवले आहे, की वहिनींच्या, म्हणजे माझ्या, डोक्यातले ऊन अजून उतरलेले नाही आणि त्यांनी कुसुमच्या लग्नात भर रस्त्यात तमाशा केला. तुमच्या आईने ते पत्र जसेच्या तसे मला पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली, "हे खरे का?"

तमाशा केला, हे खरे. ऊन उतरलेले नाही, हेही खरे; पण नाना म्हणतात त्या अर्थाने नाही. सगळे क्रमाने लिहिते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. लागू द्या. मी इंग्रजीत लिहू शकले असते, तीस वर्षे शाळेत तीच भाषा शिकवली. पण यातली माणसे इंग्रजीत बोललेली नाहीत आणि त्यांचे एकही वाक्य मला सौम्य करायचे नाही.

घड्याळ

मागच्या वर्षी वैशाखात तुमच्या सुधामामाचे लग्न झाले, डोणगावजवळच्या एका खेड्यात. तुम्हाला फोटो पाठवले होते. त्यांत मी नाही, कारण फोटो काढले तेव्हा मी दवाखान्याच्या वाटेवर होते.

मुहूर्त दुपारी बारा बेचाळीसचा होता. विधवेने लग्नाच्या विधीत हात लावायचा नसतो, सख्ख्या मुलाच्या लग्नातही नाही. तेव्हा समजूत म्हणून मला एक काम दिले होते, वेळ सांभाळण्याचे. तुमच्या आजोबांचे मनगटी घड्याळ मी सकाळी रेडिओच्या वेळेशी लावून घेतले. एवढ्या गोतावळ्यात वेळेवर चालणारी मी एकटी, याचा मला अभिमान होता. तो इथे लिहून ठेवते, कारण पुढचे सगळे त्यातून झाले.

आमच्याकडे मुहूर्ताआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात आणि तिथून मांडवात आणतात. मिरवणूक साडेदहाला निघायची ती सव्वाअकराला निघाली. देवळापाशी नाना रुसले. नाना म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. त्यांना बांधलेला फेटा नवरीच्या मामाच्या फेट्यापेक्षा हलका निघाला. नाना पारावर, पिंपळाच्या सावलीत बसून रुसले. बाकीचे सगळे उन्हात उभे. त्यांना उठवायला चाळीस मिनिटे लागली. तेवढा वेळ बँड वाजत ठेवला होता, कारण वाजवणे थांबले की रुसव्याची बोलणी नवरीकडच्यांना ऐकू जातात.

बँड आमच्या चिखलीचा, किसन मास्तरांचा. अकरा माणसे, अंगात लाल बनातीचे, जाड लोकरी कापडाचे कोट, गळ्यापर्यंत पितळी बटणे, डोक्यावर टोपी. सगळ्यांत पुढे क्लॅरोनेट वाजवणारा सुखदेव. पस्तिशीचा, सडपातळ. त्याच्या कानशिलाची शीर दोरीसारखी उठलेली मी पाहिली होती आणि मनात म्हटले होते, किती जीव ओतून वाजवतो हा!

वाटेत एका घराच्या बायका पाण्याच्या घागरी घेऊन उभ्या होत्या. आधी मानाचे पाहुणे प्याले, मग बाकीचे वऱ्हाडी, मग आम्ही बायका, घोटभर. बँडवाले शेवटी पितात. त्यांच्यातले बहुतेक बौद्ध, म्हणून त्यांच्या ओंजळीत वरून धरून पाणी ओततात, त्यांच्या हाती भांडे देत नाहीत. हे असेच चालत आले होते. म्हणून त्या दिवशी ते मला दिसलेसुद्धा नाही. त्यांची पाळी आली तेव्हा बारा वाजून वीस मिनिटे झाली होती.

"बाई, पोराइले पानी पिऊ द्या," किसन मास्तर म्हणाले. "तोंडातून फुंक निंगत नाही आता."

"मास्तर, बावीस मिनिटं उरली आहेत. पाणी मांडवात."

"सुखदेवचं आंग पाहा जरा, बाई. इस्तवासारखं—"

"मांडवात म्हटलं ना!"

चाळीस मिनिटे नानांनी खाल्ली होती आणि मी ती पाणी पिणाऱ्यांकडून वसूल करत होते. मास्तरांनी हात वर केला, ढोल सुरू झाला. घागर धरलेली बाई तशीच उभी राहिली. घागर अर्धी भरलेली होती.

घाम थांबला

मीही सकाळपासून दोन घोटांवर पाणी प्याले नव्हते. लग्नाच्या दिवशी बायका पोटभर पाणी पीत नाहीत. जायची सोय कुठे असते? रेशमी साडी, डोक्यावर पदर, छत्री नाही. छत्री होती, पण मिरवणुकीत काळी छत्री नको म्हणून नानांनी ती बैलगाडीत ठेवायला लावली.

मांडवाच्या दाराशी पोहोचलो तेव्हा बारा एकोणचाळीस झाले होते. हे शेवटचे नीट आठवते. पुन्हा घड्याळाकडे पाहिले तर काटे दिसत होते, पण वेळ वाचता येईना. डोके ठणकत होते, ते थांबले. घामही थांबला. मला वाटले, आता बरे वाटू लागले. हे वाक्य दोनदा वाचा. उन्हात घाम थांबून बरे वाटले, तर ते बरे वाटणे नसते.

मोठी सून शैला मला खुर्चीकडे नेत होती. मी तिला शाळेतल्या कुठल्या तरी मुलीच्या नावाने हाक मारली आणि वर्गाबाहेर उभी राहा म्हणून सांगितले, असे तिने मला नंतर सांगितले. मग मी पडले. मंगलाष्टके चालूच होती. ती थांबवत नाहीत.

नवरीकडच्यांनी पन्ह्यासाठी खामगावहून बर्फाच्या दोन लाद्या आणल्या होत्या, भुशात, पोत्यात गुंडाळून. शैलाने कुणाला न विचारता एक लादी फोडायला लावली, मला झाकायला आणलेली चादर फाडली, आणि बगलेत, मानेखाली, मांड्यांत, सगळीकडे बर्फ भरला. नंतर मला नानांच्या जीपमध्ये घालून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेले.

सतराचा पाढा

डॉक्टर तरुण होते, फटकळ. शुद्धीवर आल्यावर मी ऐकलेले पहिले वाक्य त्यांचे. "उष्माघात आहे. बर्फ कुणाला सुचला? त्यानेच वाचल्या ह्या." शैला म्हणाली, "मला." विचारल्याशिवाय बर्फ फोडल्याबद्दल ती आधीच बोलणी खाऊन आली होती.

बायकांच्या वॉर्डात आठ खाटा, एक पंखा. सलाइन, ओल्या चादरी, दर तासाला ताप बघणे. दुखत फारसे नव्हते. भीती वेगळीच होती. डॉक्टरांनी नाव, गाव, मुलांची नावे विचारली. थोरल्या प्रभाकरचे नाव आठवले, तुमच्या आईचे आठवले, तिसऱ्याचे येईना. ज्याच्या लग्नाला आले होते त्याचेच नाव येईना. इंग्रजी तर पार गेले होते. म्हणून मी एकटी असताना सतराचा पाढा म्हणून पाहायची. सतरा सक्के नंतर काहीच नसायचे, नुसता पांढरा उजेड. आयुष्यभर ज्या डोक्याच्या जिवावर ताठ चालले तेच जाते आहे असे वाटून मी तोंडात पदर कोंबून रडले.

तिथे दुरपताबाई नावाची आया होती. तिने मला रडताना पाहिले, काही विचारले नाही. चमच्याने पाणी पाजत म्हणाली, "जाऊ द्या ना तो पाढा, बाई. चमचे मोजा. हा अकरावा." दवाखान्यातल्या सहा दिवसांत मला कुणी दाखवलेली दया म्हणजे तिने मोजलेले ते चमचे.

तिसऱ्या दिवशी सतरा साते आले. पाठोपाठ सुधाकर हे नावही आले.

गयाबाई

त्याच दिवशी एक बाई वॉर्डाच्या दारात येऊन उभी राहिली. तिशीची, कमरेला पदर खोचलेला.

"घड्याळवाल्या बाई तुमीच का?"

"हो."

"म्या म्हटलं पाहून यावं. कशी दिसते ते."

मला वाटले डोके पुन्हा फिरले. शैला उठून उभी राहिली. बाई तिला म्हणाली, "बस माय, तुह्यावर राग नाही माह्या," आणि माझ्याकडे वळली. "मी सुखदेवची बायको. मानसाइच्या वॉर्डात हाये तो. माणूस वळखत नाही अजून."

मला यातले काहीच माहीत नव्हते. घरच्या कुणी सांगितले नव्हते.

"तुमच्या आंगावर बर्फाची लादी घातली म्हनतात," गयाबाई म्हणाली. "मंग त्याच्यासाठी तुकडा उरला नव्हता? वाटीभर?"

"मला माहीत नाही. मी शुद्धीवर नव्हते."

"मंग जे शुद्धीवर होते त्याइले विचारा."

ती गेली. मी शैलाला विचारले. शैलाने खाली मान घालून सांगितले. सुखदेव माझ्याआधी पडला होता, अक्षता पडायच्या आधी. त्याला मांडवामागे बैलगाडीच्या सावलीत नेऊन टाकले. अंग थडथड उडत होते, म्हणून त्याच्याच साथीदारांना वाटले की हिवताप भरला. वैशाखात, भर दुपारी, बनातीच्या कोटावर त्यांनी घोंगडी घातली आणि वर दोघे जण दाबून बसले. घाम फुटला की ताप उतरतो, हेच त्यांना माहीत.

"आणि दुसरी लादी?"

"मी म्हटलं होतं, आई. नानाकाका म्हणाले, त्या लोकांना उन्हाची सवय असते, पन्ह्याला बर्फ लागेल. मग ते पन्हं सगळे प्याले. मीही प्याले."

मी दोनच्या सुमारास दवाखान्यात पोहोचले. तो पाचनंतर, मालाच्या ट्रकमध्ये.

घरी

मला सहाव्या दिवशी सोडले. सुखदेवला अठराव्या दिवशी. तो चालू लागला, पण होडीत उभे असल्यासारखा. बोलणे जड. डाव्या हाताची बोटे कापतात आणि क्लॅरोनेटच्या भोकांवर बसत नाहीत. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात सुधारेल, कदाचित.

घरात या आजाराला तीन नावे पडली. नाना म्हणाले दृष्ट लागली. प्रभाकर म्हणाला, "वय झालं, आई." आणि बायका स्वयंपाकघरात म्हणू लागल्या की नवी सूनच पांढऱ्या पायाची. ती बिचारी पोळ्या लाटत ऐकत होती. मी तिथेच भिंतीला धरून उभी राहिले आणि म्हणाले, "हिचं नाव पुन्हा घेतलं तर मी दारात उभी राहून सगळ्या गल्लीला सांगेन की सुखदेवचं पाणी मी तोडलं आणि त्याचा बर्फ नाना प्याले." त्यानंतर नाना आमच्याकडे जेवायचे बंद झाले. चांगले झाले.

चालता येऊ लागल्यावर शैलाला घेऊन मी सुखदेवच्या घरी गेले. माफी मागायची म्हणून वाक्ये जुळवून नेली होती. त्याने मान वळवली. गयाबाईने पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि मी पिते का नाही, हे बघत उभी राहिली. मी प्याले. ती म्हणाली, "प्या. काही होत नाही." त्या घरात त्या दिवशी एवढेच बोलणे झाले.

मी महिन्यातून एकदा जात राहिले. तो बोलत नसे.

तुळशीच्या लग्नानंतर लग्ने ठरू लागली तेव्हा किसन मास्तर आमच्या ओसरीवर आले. टोपी काढून टेकले.

"बाई, घोंगडं म्याच टाकलं होतं," म्हणाले. "रोज सपनात येते."

मग कामाचे बोलले. यापुढे बँड ठरवायला येणाऱ्याला आधी काही अटी दाखवायच्या होत्या. "आमी तोंडानं सांगतलं त लोक हासतात. तुमच्या हातचं लिहेल असलं त वाचतीन तरी."

मी लिहून दिले. चैत्र, वैशाख, ज्येष्ठात अकरा ते चार वाजवणार नाही. बनातीचे कोट नाहीत, सुती सदरे. प्रत्येक थांब्यावर पाणी आधी वाजवणाऱ्यांना, आणि पेल्याने. कुणी पडला तर मिरवणूक थांबेल, नवरदेव कुणीही असो. मास्तरांनी एक अट वाढवली, पडलेल्यावर घोंगडी घालायची नाही. कपडे सैल करून सावलीत न्यायचा, अंग भिजवायचे, वारा घालायचा, बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतायचे नाही आणि पहिल्या गाडीने दवाखान्यात न्यायचा. ही अट तुम्हीही पाठ करा. ती थंड देशातही लागू आहे.

कागद वाचून निम्मे लोक उठून गेले. एकाने विचारले, "काहो मास्तर, बँड हाये का जावई?" मास्तरांनी त्याला तंबाखू दिली आणि वाटेला लावले.

उंद्रीचा रस्ता

आता नानांच्या पत्राकडे येते. त्यांच्या कुसुमचे लग्न या वैशाखात उंद्रीला होते. नवरदेव साखरखेर्ड्याचा. मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटे. मी नानांना तीनदा सांगून पाहिले की गोरज मुहूर्त घ्या, संध्याकाळी लावा. नाना म्हणाले, "वरपक्षाला सांगायची आपली टाप नाही. आणि वहिनी, तुम्ही आता लग्नात नाही आलात तरी चालेल."

मी गेले. शैलाला आणि चार रांजण घेऊन. मारुतीच्या देवळापासून मांडवाकडे येणारा रस्ता एका ठिकाणी दोन कुंपणांमध्ये अरुंद होतो. तिथे बैलगाडी आडवी लावली, रांजण मांडले, शंभर पेले मांडले, आणि खुर्चीवर छत्री उघडून बसले. काळी.

बारा वाजून दहा मिनिटांनी मिरवणूक आली. बँड त्यांचाच, साखरखेर्ड्याकडचा, तेच लाल कोट. गाडी पाहून थांबले.

"काऊन थांबले बे?" मागून कोणी ओरडले.

"म्हातारी बसली हाये मधात!"

मी उठून बँडवाल्यांना म्हटले, "कोट काढा. पाणी प्या. आधी तुम्ही." ते एकमेकांकडे पाहू लागले. एक जण ओंजळ करून वाकला. शैलाने त्याच्या ओंजळीत पेला ठेवला. तो तसाच वाकून राहिला, पेल्याचे काय करावे त्याला कळेना.

नवरदेवाचे वडील पुढे आले. "मुहूर्त टळून राह्यला ना! कोन हो ह्या बाई?"

नाना घामाघूम होऊन मांडवाकडून धावत आले होते. "आमच्या वहिनी. त्यांना ऊन लागलं होतं."

"मंग घरी ठेवावं ना!"

"राहत नाहीत," नाना म्हणाले. इतके खरे ते वर्षभरात प्रथमच बोलले.

"वहिनी, गाडी काढा. पोरीचं लग्न आहे माझ्या."

"आधी यांचं पाणी होऊ द्या."

घोड्यावरून नवरदेव वाकला. "आजी, मले तरी द्या एक पेला."

"देते. शेवटी."

त्या मुलाला हसू आले. चांगला मुलगा आहे, कुसुमचे बरे होईल. त्याच्या वडिलांना हसू आले नाही. त्यांनी मला जे म्हटले ते नानांनी पत्रात लिहिले आहे, म्हणून पुन्हा लिहीत नाही. मी खुर्चीवर बसून घड्याळ पाहत राहिले. बारा वीस झाले, बारा एकवीस झाले. मांडवात रडारड सुरू झाल्याचे ऐकू आले. कुसुम माझ्या मांडीवर वाढलेली मुलगी आहे. वाजवणारे सगळे दोन-दोन पेले प्याले, एकाने डोक्यावर ओतून घेतला. मग वऱ्हाडी प्याले, मग नवरदेव. तेव्हा मी गाडी काढायला सांगितली.

गुरुजींनी पंचांग उघडले. बारा वाजून पंचावन्न मिनिटांनी आणखी चांगला मुहूर्त निघाला. लग्न लागले. मला मांडवात कुणी बस म्हटले नाही. मी आणि शैला एस.टी.ने परत आलो.

हा तमाशा. आईला सांगा, नानांनी काही खोटे लिहिलेले नाही. त्यांनी आणि इतर पाच घरांनी आमच्याशी संबंध तोडले आहेत. सुधाकर म्हणतो, "आई, आता तरी शांत हो." मी बरी आहे. वजन भरले, पाढे तीसपर्यंत येतात. उन्हात डोळ्यांपुढे अजून पांढरे होते, म्हणून दहाच्या आत कामे उरकते.

उंद्रीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सुखदेवकडे गेले होते. तो दारात बसून डाव्या हाताने हरभरे वेचत होता. डॉक्टरांनी बोटांसाठी सांगितलेला व्यायाम. निम्मे सुटून खाली पडत होते. मी त्याला उंद्रीचे सगळे सांगितले. खरे सांगते, मला वाटले होते त्याला बरे वाटेल. त्याने ऐकून घेतले. मग वर्षभरात प्रथमच माझ्याकडे पाहून बोलला, एकेक शब्द ओढत.

"किती येळ थांबोलं त्याइले?"

"अठरा मिनिटं," मी म्हणाले.

त्याने एक हरभरा उचलला, सुपात टाकला.

"आमाले त पाचच पुरले असते, बाई."

तुमची,
आजी